साडूंच्या जीपचं तोंड मी बंद केलं

माझ्या साडूंइतकं नीट ऐकणारा माणूस आख्ख्या सुरतेत सापडायचा नाही, आणि त्याच माणसाला तीन आठवडे ठार बहिरं करून ठेवण्याचं काम मी केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या कानांना मी हात लावला नाही. हात लावला तो त्यांच्या जीपच्या सायलेन्सरला, तोही ते गावाला गेलेले पाहून, आणि वर ते परत आल्यावर तोंडभर खोटं बोललो. घरच्यांना हे माहीत आहे, पण घरच्यांना माहीत असणं ही काही कबुली नव्हे. म्हणून आज लिहून टाकतो.

मी उधन्याला यंत्रमागाच्या एका खात्यात कापड तपासतो. मागांच्या कारखान्याला आमच्या सुरतेत खातं म्हणतात. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वरून दिवसभर कापड ओढायचं आणि कुठे धागा तुटलाय, कुठे विणीत पट्टा पडलाय तिथे खडूनं खूण करायची, एवढंच माझं काम. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांवर खडू ओढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक दिसली की ती त्या दिव्यावर धरल्यासारखी फार मोठी दिसते. साडू त्याच खात्यात मास्तर होते, आता निवृत्त झालेत. मास्तर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. आम्ही दोघेही खानदेशातले, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची घरं डिंडोलीत एकाच गल्लीत. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला पाव्हना म्हणतात. तीस वर्षं रोज तोंड पाहूनही मी त्यांच्या लेखी पाव्हनाच आहे.

त्यांच्या कानांची ख्याती अशी की शेडच्या दारात चपला काढता काढता ते थबकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "तिसरी रांग, सात नंबर. लंगडस." शेडमध्ये शंभरावर माग एकाच वेळी खडखडत असायचे. आम्हा इतरांना तो एकच एक प्रचंड गोंधळ. ते मात्र सरळ तिसऱ्या रांगेतल्या सातव्या मागापाशी जायचे, आणि तो खरंच लंगडत असायचा. पण गंमत अशी की मागाचं बोलणं इतकं स्वच्छ ऐकणाऱ्या या गृहस्थांना माणसाचं बोलणं फारसं ऐकू येत नाही. शेडमध्ये कोणालाच येत नाही. तिथे सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. आवाज न काढता ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. बोटानं हवेत झटका दिला की धागा तुटला, तळहातावर मूठ आपटली की माग बंद, पोटावर हात ठेवला की चहा. साडू ही भाषा इतकी वर्षं बोलले की बाहेरच्या जगातही त्यांनी तीच चालू ठेवली. एका नातलगाच्या दहाव्याला आम्ही दोघं समोरासमोरच्या रांगांत बसलो होतो. मी हळूच ओठांनी विचारलं, "कशानं गेले?" साडूंनी बोटानं हवेत झटका दिला, मग तळहातावर मूठ आपटली, आणि क्षणभर विचार करून पोटावर हात ठेवला. मधे बसलेले गुरुजी मंत्र विसरले.

यात आणखी एक भानगड होती. गोंगाटात ते ओठांनी बोलतात, त्यामुळे आवाज किती लावायचा हा प्रश्न येत नाही. शांत जागी मात्र त्यांना अंदाजच नसतो. माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा पोह्यांच्या बशा हातात घेऊन सगळे गप्प बसले होते. त्या शांततेत साडू माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "पोऱ्या बरा शे. कान तेवढे बाहेर शेत." गल्लीच्या टोकाला भाजीवाल्यानं मान वळवली. लग्न ठरलं, चांगलं झालं, जावई सोन्यासारखा आहे. पण अजूनही साडूंच्या समोर आला की नमस्कार करून तो आधी केस कानांवर ओढतो.

साडूंच्या खिशात हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, कायम असतो. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मागाचं, मोटारीचं, पंपाचं दुखणं त्यांना असं कळतं. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. आमच्याकडे जेवायला आले असताना एकदा त्यांनी फ्रिजला पेचकस लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "हिले दम लागस." बायको रागावली. चौथ्या दिवशी फ्रिज बंद पडला. त्यांनी कुकरला लावून डाळ शिजल्याचं सांगितलंय, गल्लीतल्या पाण्याच्या नळाला लावून पाणी किती मिनिटांत येईल ते सांगितलंय, आणि एकदा दिवाळीच्या फराळाला बसल्या जागी माझ्या छातीलाही लावलाय. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पाव्हना, तुना टायमिंग मागे शे." मी हसण्यावारी नेलं, पण झोप लागेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ठोके थोडे अनियमित आहेत हे सांगायला डॉक्टरांनी दोन तपासण्या केल्या. साडूंना हे सांगितलं तर त्यांना डॉक्टरांची कीव आली. "त्याची नळी रबराची शे," म्हणाले, "रबर आवाज खास." म्हणजे खातं.

आता जीप. ती एका सरकारी खात्याच्या लिलावातून त्यांच्या घरी आली तेव्हाच म्हातारी होती. चारही चाकांना जोर असलेली, उघडी, बसल्यावर कमरेचा हिशेब घेणारी. तिचं छत त्यांनी मी नापास केलेल्या कापडाचं शिवून घेतलं होतं. त्यामुळे तिच्यात बसून वर पाहिलं की माझ्याच खडूच्या खुणा दिसत. पावसाळ्यात तिच्यात बसायचं तर आत छत्री उघडावी लागे. पण गॅसची लाईन टाकायला आमची गल्ली आडवी खोदली गेली तेव्हा त्या खड्ड्यातून पार होणारं एकच वाहन होतं, ते हे. पंधरा दिवस साडूंनी अख्ख्या गल्लीला पैलतीरी पोचवलं. शाळेची पोरं, सिलिंडर, एक शिवणयंत्र, दोन शेळ्या, आणि आमच्या सोसायटीचे प्रमुख, जे डोळे मिटून दोन्ही हातांनी शेळ्यांना धरून बसले होते. त्या पंधरवड्यात साडू गल्लीचे लाडके होते.

मग ते डांगात गेले. दरवर्षी एकदा जीप घेऊन ते डांगच्या जंगलात नदीच्या पात्रातून फिरून येतात, का जाता असं विचारलं तर म्हणतात, "तिले बी मोकळं वाटाले पाहिजे." त्या वर्षी पात्रातल्या एका दगडानं जीपच्या पोटाखालचा सायलेन्सर उपटून ठेवून घेतला. साडू परत आले ते अशा आवाजात की रेल्वेच्या गरनाळ्यात, म्हणजे आमच्या घरापासून चांगल्या अर्ध्या कोसावरच्या रुळांखालच्या बोगद्यात, जीप शिरली आणि इकडे आमच्या कपाटातल्या वाट्या किणकिणल्या.

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मी दुरुस्ती समजत होतो. आधी त्यांनी तेलाचा डबा कापून पाईपाला गुंडाळला आणि तारेनं बांधला. तो डबा चौकात, वाहतूक पोलिसाच्या पायाशी, स्वतःहून उतरला. मग नवीन नळकांडं आणलं, पण ते टांगायला जे रबर लागतं ते त्यांना नाजूक वाटलं, म्हणून मागाच्या धोट्याला मारणारा जाड चामडी पट्टा लावला. पाईप तापला की चामडं भाजायचं, आणि त्या वासानं जीपमागे कुत्र्यांची वरात निघायची. मग त्यांना संशय आला की गळती खाली नसून वर, इंजिनाला पाईप जिथे जोडतो तिथे आहे. तिथले नट इतके गंजलेले की तीन दिवस ते रॉकेलमध्ये भिजवले, रोज सकाळी हातोडीनं टकटक करून पेचकसानं त्यांची मर्जी विचारली. दोन तरीही मोडले. तिथे बसवायचं पॅकिंग त्यांनी ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिलाईच्या कात्रीनं कापलं आणि कात्री कायमची बोथट करून ठेवली. शेवटी उधन्याच्या एका सायलेन्सरवाल्या सुरती काकांकडून त्यांनी सरळसोट, जाड, आत अडथळा म्हणून काही नसलेला पाईप बसवून घेतला. त्याचं तोंड वर वळवून मागच्या चाकाशेजारी धुराड्यासारखं उभं केलं, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जाताना आत पाणी शिरू नये. त्या पाईपातून जीप बोलायची नाही, भाषण करायची.

दर बदलानंतर आवाज वाढतच गेला. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला एकेक शौक लागतो, यांना आवाजाचा लागला. कापडातला केसाएवढा दोष दिसणाऱ्या मला हे दिसलं नाही की ते आवाज वाढवत नव्हते, त्यांच्या कानांपर्यंत तो कमी कमी पोचत चालला होता. इंजिन काय म्हणतंय ते कळल्याशिवाय त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि ते ऐकू यावं म्हणून दर वर्षी त्यांना आधीपेक्षा मोठं तोंड लागत होतं. हे कळायला मला फार उशीर झाला, आणि कळलं तेही मी घाण करून ठेवल्यावर.

ताईंना त्या आवाजाचा त्रास नव्हता. उलट गरनाळ्यापाशी जीप गरजली की त्या तवा चढवायच्या, आणि साडू दारात आले की पहिली भाकरी फुगलेली असायची. गल्लीला मात्र भाकरी मिळत नव्हती. लहान बाळं दचकायची, टीव्हीतली बातमी अर्धी राहायची, प्रमुखांच्या घरातली भिंतीवरची घड्याळं तिरकी व्हायची. सगळे माझ्याकडे यायचे. "तुमचे साडू. तुम्ही सांगा." प्रमुख तर एकदा म्हणाले, "पोलिसांत जायचं जिवावर येतं हो, पण त्या शेळ्यांचा प्रवास आम्ही किती दिवस आठवत बसायचा?"

मी सांगितलं असतं तर साडूंनी ऐकलं असतं. एवढंच करायचं होतं. पण मी भित्रा माणूस. त्यांच्यासमोर उभं राहून "भाऊ, गाडीचा त्रास होतो" एवढे चार शब्द ओठांवर आणणं मला जमलं नाही. ताईंच्या भावाच्या मुलीचं बाळंतपण निघालं, साडू त्यांना गावी सोडायला म्हणून स्वतः दोन दिवसांसाठी गेले, आणि जाताना पाईपाच्या एका जोडाला तडा गेलाय तो वेल्डिंग करून घे म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवून गेले. मी गल्लीतल्या एका पोराकरवी जीप त्या सुरती काकांकडे नेली आणि म्हणालो, जोड राहू द्या, सगळंच बदला. काकांचे डोळे चमकले. म्हणाले, "भाई, एवी चूप करी दऊं के बिलाडी जेवी चालशे." आणि मांजरासारखी चालेल अशी गप्प त्यांनी ती खरंच केली. आत दोन कप्पे असलेला जाडजूड सायलेन्सर, नवीन पॅकिंग, नवीन नट, टांगायला खरं रबर. काम इतकं सुबक की दोष काढायला मला जागा नव्हती. जुना पाईप मी नापास साडीत गुंडाळून आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवला.

साडू आले. मी काकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. म्हटलं, "भाऊ, जोडाच्या नादात पूर्ण नवीन बसवलं. एकदम भारी. ताकद वाढली." ते खूश झाले, खाली वाकून पाईपावरून हात फिरवला, वर चढून बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मांजर. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर किंचाळला, आम्ही दचकलो, ते दचकले नाहीत. मी ओठांनी सांगितलं, "सुरू आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं, पाय थोडा दाबला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आवाज कसा शे?"

इथे माझ्या हातून ते झालं. मी गाल फुगवले, दोन्ही हात हवेत उडवले आणि कानांचे पडदे फाटल्याची खूण केली. सुरती काका माझ्याहून सरस निघाले. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तोंड वाकडं केलं. साडू आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली, किल्ली तळहातावर ठेवून तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हां." एवढंच. आणि ते इतक्या हळू म्हणाले की शांत जागी त्यांचा आवाज हळू निघालेला मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली. "मना कान ग्यात," म्हणाले. "तू चालव." मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी लोचो आणायला गेलो.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी त्यांना गरम लोचो, म्हणजे वाटलेल्या डाळीचा वाफवलेला सुरती नाश्ता, नेऊन दिला. वरून शेव, वरून लोणी, सोबत कांदा. माझा पश्चात्ताप रोज पानात बांधून जायचा, आणि ते तो न बोलता खायचे. त्यांचं वजन वाढलं. सोबत बसून मीही खायचो, माझंही वाढलं. मन मात्र कुठेच हलकं होईना. ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे कोणाचे ओठ दिसायला नकोत. पेचकस खिशातून काढून त्यांनी कपाटात ताईंच्या साड्यांखाली ठेवून दिला होता. एकदा मी म्हटलं, कुकरला लावून तर पाहा. त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. तो लावला आणि काहीच ऐकू आलं नाही तर काय, याची.

गल्लीत मात्र आनंदी आनंद. प्रमुखांनी एका सकाळी साडूंच्या देखत माझे दोन्ही हात धरून दाबले. साडूंनी पाहिलं आणि मला म्हणाले, "गल्लीमा तुनं वजन वाढनं." ते लोचोचं म्हणाले असतील म्हणून मी हो म्हटलं.

मग त्यांनी जीप विकायची ठरवली. सुरतेजवळच्या सचिन गावचा एक माणूस रविवारी येऊन ती घेऊन जाणार होता. "बहिऱ्या माणसानं गाडी चालवणं बरं नाही," असं त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं. बोलणंही सोडत चालले होते. आणि गुरुवारी ताई गावाहून आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशव्या खाली ठेवल्या, जीपकडे पाहिलं, चाकाजवळ वाकून पाईपाकडे पाहिलं, आणि मग सरळ माझ्याकडे. "पाव्हना, हिचं तोंड कुणी शिवलं?"

मी सगळं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "व्हिडिओवर रोज दिसायचे मला, तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं मी नाही म्हणून. मनाला बरं वाटलं होतं." मग म्हणाल्या, "मी आत्ता आत जाऊन सांगू शकते. ते माझं ऐकतील. पण मग तुमच्या हातचा लोचो ते परत खाणार नाहीत. तुम्ही सांगा. रविवारच्या आत."

इथे थोडं पुढचं आधी सांगतो. माफीचं सांगायचं टाळतोय असं वाटेल, आणि ते खरंच आहे. जीप विकली नाही. सचिनच्या माणसाला ताईंनी चहा देऊन परत पाठवलं. ताई साडूंना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी दिलेलं कानातलं यंत्र साडूंनी पेचकस लावून तपासलं आणि कमजोर ठरवलं, तरी ताई समोर असल्या की घालतात. आता जीपला दोन पाईप आहेत. गल्लीत गप्प पाईप असतो. डांगला जायचं असलं की साडू जुना पाईप मागे टाकतात, मला सोबत घेतात आणि शहर मागे पडलं की रस्त्याकडेला थांबतात. मग मी ताडपत्रीवर उताणा पडून जीपखाली सरकतो, नट सोडतो, गप्प पाईप उतरवतो, बोलका चढवतो, आणि येताना तेच उलट करतो. माझे दोन शर्ट वाया गेले, एकदा कोपर भाजलं. मी तक्रार करत नाही. ताई म्हणतात, गरनाळ्याचा आवाज गेल्यापासून भाकरीचा अंदाज चुकतो. आता साडू गरनाळ्यापाशी थांबून त्यांना मोबाईलवर हात हलवून दाखवतात.

तर माफी. शांत जागी मी सांगितलं असतं तर ते भिंतीकडे तोंड करून बसले असते, आणि ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं. सांगायचं ते शेडमध्येच, हे मला सुचलं. पण माझे ओठ शेडचे नाहीत. मी दिव्याच्या खोलीत बसणारा. शुक्रवारी संध्याकाळी मी आरशासमोर उभा राहून न बोलता ओठ हलवायचा सराव केला. बायको दारात येऊन पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, दाढ दुखतेय का?"

शनिवारी दुपारी मी त्यांना खात्यात घेऊन गेलो. मालकाला भेटायचंय असं खोटं सांगितलं. हे त्या महिन्यातलं माझं शेवटचं खोटं. ताईंनी निघताना माझ्या पिशवीत पेचकस घातला होता. शेडच्या दारात साडू चपला काढायला वाकले. मी दार ढकललं. सगळा खडखडाट एकदम अंगावर आला, आणि ते वाकलेल्या अवस्थेतच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. मग हळूहळू सरळ झाले. मान तिरकी झाली. चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता यायचं नाही. त्यांनी माझ्याकडे न पाहता हातातल्या चपलेनं आत दाखवलं, आणि मी ओठ वाचले: "पाचवी रांग. भिंतीकडचा."

ते निघाले तसे मी आडवा आलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. शुद्ध भाषेत बराच मजकूर तयार केला होता, पण ओठांवर आली ती घरची बोली. "भाऊ, मनी चुकी व्हयनी. तुमचे कान बरे शेत. गाडी मी गप्प करी. आवाज नव्हता. मी खोटं बोलनू." एकेक शब्द, आवाजाशिवाय. बाजूच्या मागावरच्या विणकर बाईंनीही वाचलं असणार, कारण त्यांनी भुवया वर केल्या आणि माग थांबवला. साडू माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी पुन्हा म्हटलं, "माले माफ करी द्या." मग त्यांना कळावं म्हणून दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

त्यांनी विचारलं, "जुना पाईप?"

"गच्चीवर. टाकीमागे. साडीत."

"कोणती साडी?"

"नापास."

त्यांनी मान डोलावली, जणू तेवढं एक बरं झालं. मग हात पुढे केला. मी पेचकस दिला. मला वाटलं, आता ते पाचव्या रांगेकडे जातील. ते गेले नाहीत. त्यांनी पेचकसाचं टोक माझ्या शर्टाच्या खिशाखाली टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. शेकडो धोटे इकडून तिकडे धावत होते, जमीन हलत होती, आणि ते माझ्या छातीचं ऐकत उभे होते. त्यात काय ऐकू येणार, देव जाणे. पण मी श्वास रोखून धरला होता. मग त्यांनी डोळे उघडले, पेचकस खिशात टाकला, आणि ओठ हलवले.

"आते बराबर चालस."